सतरा जणांची बारा मिनिटं

बर्गन, ४ सप्टेंबर

प्रिय बोर्गहिल्ड मावशी,

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे आणि माझ्या केसांवर अजून बोलते. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू कशालाही "बरं आहे" म्हणतेस. मागे तुझ्या छपराचे पत्रे वाऱ्याने उडाले तेव्हाही म्हणालीस, आणि वर "उजेड छान येतो" अशी भर घातलीस. या वेळी मला खरं ऐकायचंय. ऐकण्याचाच पगार मिळतो मला.

झालंय असं, की बोट बोलवायचं अ‍ॅप करायचं काम जिल्हा कार्यालयाने आमच्या कंपनीला दिलंय आणि आमच्या साहेबीणबाई रांदी यांनी ते माझ्या गळ्यात घातलंय. तुमच्या ग्रोहोल्म बेटाच्या धक्क्यावरचा दिवा आता जाणार. आजवर दिवा लावला की बोट तुमच्याकडे वळायची, नाही लावला तर सरळ पुढे. आता टॅबलेटवर बटण दाबायचं. पण खरी गोष्ट पुढेच आहे, ती नीट वाच. मेअखेरपर्यंत ग्रोहोल्मवरून किती वेळा बोट बोलावली हे मोजणार आहेत. आकडा फारच कमी भरला तर थांबा बंद. आईने तुझ्यासाठी शहरात एका खोलीची जागा बघूनही ठेवलीय. हे मी सांगितलं असं तिला सांगू नकोस.

"तू दिवसभर करतोस तरी काय?" असं तू दर नाताळात विचारतेस, त्याचंही उत्तर आज देऊन टाकतो. लोकांना यंत्र वापरताना ते फेकून द्यावंसं वाटू नये, याची व्यवस्था मी बघतो. त्यासाठी माझी स्वतःची एक पद्धत आहे. भिंतीवर सात पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलंय "ऐका", आणि शेवटच्या चिठ्ठीवर "पुन्हा ऐका". मधल्या पाचांवर काय आहे ते मलाही वाचावं लागतं. खरं सांगायचं तर माझं काम टेबल पुसण्यापासून सुरू होतं. मग नवं पेन आणतो, कॉफी करतो, लोकांना काय हवंय ते मनाशी ठरवून टाकतो आणि मग त्यांना विचारायला जातो.

या वेळी उलटं करायचंय. तू माझी पहिली परीक्षक. अ‍ॅप झालं की टॅबलेट पाठवतो. वापर आणि जे वाटेल ते लिही. शिव्या चालतील.

तुझा,
सिग्वे


ग्रोहोल्म, १५ सप्टेंबर

सिग्वे,

तुझं पत्र देताना टपालाच्या होडीवाल्याने "बर्गनहून आहे, सगळं ठीक ना?" विचारलं आणि मी वाचून संपवेपर्यंत तिथेच उभा राहिला. त्या होडीत माणसं न्यायला बंदी आहे, बातम्या न्यायला नाही.

तुझी पद्धत वाचून हसले. लहानपणी तुला बटाटे काढायला बसवलं होतं तेव्हा तू आधी वाफ्याचं चित्र काढलंस. ते रंगवून होईस्तोवर मी नि तुझ्या आईने बटाटे काढून, धुऊन, उकडून खाल्लेसुद्धा.

दिवा चांगला होता, हे माझं पहिलं मत लिहून घे. तो कुणी लावला हे कळायचं नाही. बोट आली की आम्ही धक्क्यावर जायचो, "अरे, आज बोट आली वाटतं" असं एकमेकांना म्हणायचो आणि चढायचो.

आता मला बोट कशाला लागते ते. दूध, यीस्ट, वेलदोडे. आणि पाच-सहा आठवड्यांनी डोळ्यांतली इंजेक्शनं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की ती चुकवायची नाहीत, चुकवलीत तर मधलं दिसणं जाईल. शेजारच्या योरुनला वाचनालयाची पुस्तकं लागतात. पलीकडच्या टोर्गेरला मेंढ्यांखेरीज कुणी लागत नाही. हे तो रोज तीन वेळा येऊन मला सांगतो, आणि कॉफी पिऊन जातो.

तुझ्या आईच्या त्या खोलीबद्दल मला माहीत आहे. तिने योरुनला सांगितलं होतं, मला सांगू नकोस म्हणून. मी त्या खोलीत जाणार नाही, सिग्वे. मला इथेच राहायचंय, आणि ते बोटीवाचून जमणार नाही. तेव्हा तुझं ते बटण नीट कर.

मावशी


बर्गन, ११ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

टॅबलेट पोचला असेल. या वेळी मी खरोखरच मनापासून काम केलंय, टेबल एकदाच पुसलं. आधी कागदावर पडदे काढले. मग पुठ्ठ्याची बोट केली आणि ऑफिसातल्या लोकांना प्रवासी करून ती जमिनीवरून ढकलत नेली. हिशेब बघणारा आमचा गंभीर माणूस कपाटाशेजारी ग्रोहोल्म होऊन उभा होता. त्याला बोट बोलवायला सांगितलं तर त्याने तीन वेळा चुकीचं बटण दाबलं. बटणं मोठी केली. आता कपाटसुद्धा बोट बोलवू शकेल.

पण ज्या गोष्टीचा मला सगळ्यात अभिमान वाटतो ती आता ऐक. "बोट हवी" हे बटण दाबलं की खाली एक ओळ येते: "तुमच्यासाठी बोट वळली तर बोटीवरच्या सतरा जणांना बारा मिनिटं उशीर होईल. बोलवायची?" प्रवाशांचा आकडा त्या वेळचा खराखुरा असतो, बोटीवरून येतो. खाली दोन उत्तरं, "हो" आणि "राहू दे". "राहू दे" मी फिकट करड्या अक्षरांत ठेवलंय, म्हणजे कुणावर दडपण येणार नाही. आपण जे करतो त्याचं पुढे काय होतं हे माणसाला कळलं पाहिजे, अशी माझी चौथी चिठ्ठी आहे. बहुतेक चौथीच.

रांदीबाई खूश झाल्या. ओस्लोच्या बैठकीत ही एक ओळ दाखवली तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, मावशी. ओस्लोत लोक सहसा फक्त मान हलवतात.

आता तुम्ही सगळे वापरा आणि आकडा वाढवा. मी इथे बसून बघतोय.

तुझा यशस्वी भाचा,
सिग्वे


ग्रोहोल्म, १६ डिसेंबर

सिग्वे,

अ‍ॅप फार सुरेख झालंय. नकाशातली ती छोटी बोट सरकताना बघायला गंमत वाटते. आम्ही सगळेच सकाळी उठलो की आधी ते उघडतो. टोर्गेरने तर मुलाचा जुना टॅबलेट शोधून काढला. बोटीवर आज किती माणसं आहेत याची आता धक्क्यावर चर्चा होते. परवा तेवीस होती. योरुनला वाटतं त्यात गायकांची मंडळी असावी.

आमचं सगळं ठीक. कुणाला कुठे जायची तशी गरजही नाही. नाताळची तयारी जे आहे त्यात चाललीय. वेलदोडे संपलेत, पण वेलदोड्यावाचून पाव होतो, नुसता चवीला पाव लागतो एवढंच. योरुनची कॉफी संपली म्हणून ती माझ्याकडे येते, माझी संपत आली म्हणून आम्ही दोघी टोर्गेरकडे जातो. तो म्हणतो एवढी माणसं त्याच्या घरात लग्नातसुद्धा नव्हती.

नाताळला येशील का असं तुला विचारणार होते, पण तुझी कामं असतील.

मावशी


बर्गन, १४ जानेवारी

प्रिय मावशी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा! आमच्या यादीतल्या साऱ्या थांब्यांत अ‍ॅप सगळ्यात जास्त कोण उघडतं, ओळख. ग्रोहोल्म! मी रांदीबाईंना आलेख काढून दिला. तुमची रेघ एवढी वर गेलीय की मला कागद आडवा धरावा लागला.

एकच गोष्ट कळत नाही. उघडता खूप, पण बोलावत नाही. डिसेंबरात तर जवळजवळ काहीच नाही. त्यावर मी विचार केला. माझ्या विचार करण्याच्या पद्धतीत एक खोटा माणूस बनवतात. त्याला नाव देतात, फोटो चिकटवतात आणि त्याला काय वाटतं ते त्याच्याऐवजी आपण ठरवतो. तुमच्यासाठी मी "समाधानी सोल्वी" नावाची बाई बनवली. ती सत्तरीची आहे, बेटावर राहते, तिला बोट नुसती बघायला आवडते. फोटोत ती खिडकीशी बसून हसतेय. मावशी, ती म्हणजे तूच आहेस, फक्त तुझी जीभ वजा करून.

तुझं पत्र बघून तर माझी खात्रीच पटली. अक्षर काय ठसठशीत झालंय! एका पानावर जेमतेम दहा ओळी, कशा आत्मविश्वासाने लिहिल्यात. आईला दाखवलं, म्हटलं बघ, बेटावरची हवा.

पण सोल्वी कितीही समाधानी असली तरी जिल्हा कार्यालयातल्या गुनवोर हाग्लुंड यांना त्याचं काही नाही. त्या फक्त बोलावणी मोजतात. अशीच गत राहिली तर मे संपता संपता तुमचा थांबा गेलाच समज. तेव्हा हात जोडतो, बटण दाबा.

सिग्वे


ग्रोहोल्म, २ फेब्रुवारी

सिग्वे,

दाबायला काय जातं, दाबलंच होतं. सोमवारी दाबलं तर सतरा माणसं आहेत असं आलं. सतरा! त्यातलं एखादं शाळेत निघालं असेल, एखाद्याची मुलाखत असेल. आणि त्यांना मी थांबवायचं कशाला, तर माझ्या यीस्टसाठी? "राहू दे" दाबलं. ते करडं बटण तू छान ठेवलंयस, हाताला लगेच सापडतं.

आमच्यात आता असं ठरलंय, की निदान दोघांचं काम असल्याशिवाय बोट वळवायची नाही. एकट्यासाठी वळवणं बरं दिसत नाही. टोर्गेरची दाढ तीन आठवडे ठणकत होती. तो शाल गुंडाळून बसला होता आणि दुसऱ्या कुणाचं काही दुखतंय का ते सगळ्यांना विचारत होता. शेवटी योरुन दयेपोटी सोबत जायला तयार झाली, तर त्याच दिवशी तिला सर्दी झाली. मग तिनेच म्हटलं, बोटीवरच्या बावीस जणांना सर्दी देण्यापेक्षा घरी बसते.

इंजेक्शनाच्या तारखा मीही पुढे ढकलल्यात. नोव्हेंबरातली आणि त्यानंतरची. दवाखान्यातल्या मुली फोनवर गोड बोलतात, त्यांनाही खूप काम असतं.

आणि तू अक्षराचं कौतुक केलंस म्हणून सांगते, मोठं लिहिते कारण बारीक लिहिलेलं मला वाचता येत नाही.

ती सोल्वी कोण बाई आहे मला माहीत नाही, पण तिला म्हणावं खिडकीशी बसून हसायला काय झालंय.

मावशी


बर्गन, ६ फेब्रुवारी

मावशी,

पत्र ऑफिसात उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसलो.

ती ओळ मी काढून टाकली. काल दुपारीच, कुणाला न विचारता. रांदीबाईंना नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण ओस्लोत टाळ्या पडल्या होत्या." मी म्हटलं, ओस्लोत कुणाला बोटीत बसायचं नव्हतं.

माझ्यासारखा दीडशहाणा शोधून सापडणार नाही. भिंतीवर "ऐका" लिहून ठेवलं आणि आलेखाकडे बघत बसलो. तू प्रत्येक पत्रात सांगत होतीस. वेलदोडे संपले म्हणालीस, मी तुझ्या अक्षराचं कौतुक केलं. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, मी तर शेळ्या बघायलाही उंटावरून उतरलो नाही. मी इथेच वाढलोय, आई पाहुण्यांना केक पुढे करते तेव्हा ते दोनदा नको म्हणतात हे मला माहीत आहे, तरी अशा माणसांना मी विचारलं की तुमच्यासाठी सतरा जणांचा खोळंबा करू का!

दवाखान्यात फोन केलाय. एकोणीस तारीख मिळाली. सकाळच्या बोटीने ये. मी न्यायलाच येणार होतो, पण तू म्हणशील माझ्यामुळे तुझं काम अडलं, म्हणून इथल्या धक्क्यावर उतरवून घेतो. मावशी, ही तारीख चुकवू नकोस. हात जोडतो म्हणून मागे नुसतं लिहिलं होतं, या वेळी खरंच जोडलेत.

सिग्वे


ग्रोहोल्म, ३ मार्च

सिग्वे,

रागावू नकोस. एकोणीस तारखेला मी निघाले होते. चांगला कोट घातला, पिशवीत डबा घेतला, धक्क्यावरच्या बाकावर बसून टॅबलेट उघडला. ती ओळ खरंच नव्हती. पण टोर्गेर आदल्या दिवशी म्हणाला होता की आकडा लपवलाय म्हणजे नक्की वाढला असणार. तीस-चाळीस असेल, म्हणून सांगायची लाज वाटत असेल त्यांना. योरुनलाही पटलं. आणि मला त्या बाकावर बसून ती सगळी माणसं दिसायला लागली, सिग्वे. घड्याळाकडे बघणारी. दूरवर बोट खरी दिसली, सरळ चालली होती. मी हात उचलला आणि खाली घेतला. तू तिकडे धक्क्यावर उभा असशील हेही माहीत होतं. मग डबा तिथेच बसून खाल्ला आणि घरी आले.

तू विचारशीलच म्हणून लिहून टाकते. डाव्या डोळ्याने मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. टोर्गेर समोर आला की त्याचे कान दिसतात नि तोंड दिसत नाही, त्यात काही फार नुकसान नाही. उजवा अजून बरा आहे.

चूक तुझी एकट्याची नाही. तू ओळ लिहिलीस, पण आम्ही ती वाचायला तयारच बसलो होतो. दिवा लावायचो तेव्हाही बोटीवर माणसं असणारच ना? पण ती मोजून कुणी समोर ठेवली नव्हती.

थांबा जाणार असं आता सगळे धरून चाललेत. योरुनने पुस्तकं खोक्यात भरायला घेतलीत. मी काही भरलेलं नाही.

मावशी


बर्गन, ९ एप्रिल

प्रिय मावशी,

एकोणीस तारखेला संध्याकाळची बोट येईपर्यंत धक्क्यावर होतो. त्यानंतर तुला पत्रं लिहिली आणि फाडून टाकली. फोनवर तू "बरं आहे" म्हणालीस आणि मी ते ऐकून घेतलं.

कामाचं म्हणशील तर चिठ्ठ्या काढल्या, पुन्हा लावल्या. त्यांचा क्रम बदलून पाहिला. बटण हिरवं केलं, निळं केलं. "कृपया बोलवा, आम्हाला आनंद होईल" असं लिहून पाहिलं आणि स्वतःच ओशाळलो. मग रविवारी आईकडे गेलो. तिच्याकडे खालच्या मजल्यावरचे शेजारी आले होते. आईने विचारलं, "कॉफी घेणार?" ते म्हणाले, "नको, नको, तुम्हाला उगाच त्रास." मग आईने न विचारता कप भरून पुढे ठेवला, तर तो त्यांनी संपवला, वर दुसराही. मी हातात केक घेऊन तसाच उभा राहिलो. आई म्हणाली, "खातोस की पुतळा होतोस?"

मावशी, आपण विचारतोय तेच चुकतंय. सोमवारपासून ग्रोहोल्मचं उलटं केलंय. बोट रोज सकाळी येणार. कुणी बोलवायची गरज नाही. नको असेल तरच बटण दाबायचं, त्यावर लिहिलंय "आज येऊ नका". बस्स. रांदीबाईंनी विचारलं की ही कल्पना पद्धतीतल्या कुठल्या पायरीवर आली. मी म्हटलं, केकच्या.

गुनवोर हाग्लुंडबाईंनी मेअखेरची मुदत काही वाढवली नाही. पण बोट आली आणि तीत माणूस चढलं तर ते मोजतील, एवढं कबूल केलंय. आता सगळं तुमच्या हातात, म्हणजे हात न लावण्यात आहे.

सिग्वे


ग्रोहोल्म, २० मे

सिग्वे,

काय करून ठेवलंयस तू!

पहिल्या सकाळी बोट खरंच आली. आम्ही सगळे पडद्याआडून बघत होतो. कप्तान आस्ब्योर्न कठड्याशी उभा, दोर टाकलेला, आणि धक्क्यावर चिटपाखरू नाही. एवढ्या लांबून वळून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं? योरुन म्हणाली, "कुणीतरी जा रे, लाज जाईल." टोर्गेर जवळ होता, त्याला आम्ही ढकललं. तो घरातल्या सपाता घालून बोटीत चढला, शहरात पोचला आणि तिथे दुसरं काही काम नाही म्हणून दाढ काढून आला. आल्यापासून इतका गोड बोलतो की ओळखू येत नाही.

"आज येऊ नका" असं आस्ब्योर्नच्या तोंडावर कोण म्हणणार? ते बटण अजून कुणी दाबलेलं नाही. तेव्हा आता आम्ही पाळ्या लावल्यात. रोज सकाळी कुणीतरी एक जण जातोच. काम नसलं तर शोधतो. योरुनने वाचनालयाची सगळी जुनी पुस्तकं परत केली, त्यांनी तिला नवी सभासद समजून केक दिला. माझ्याकडे वेलदोडे एवढे झालेत की पुढचे दोन नाताळ निघतील.

परवा गुनवोरबाई स्वतः आल्या होत्या. रोज बरोब्बर एकच माणूस चढतो, यात काहीतरी गडबड आहे असा त्यांना संशय आला. टोर्गेरला विचारलं, "तुम्ही रोज कुठे जाता?" तो म्हणाला, "मी नाही हो, आज योरुनची पाळी." त्या हसल्या की चिडल्या ते मला कळलं नाही, मी डाव्या बाजूने बघत होते. पण माझे वॅफल मात्र चार खाल्ले.

माझी पाळी आठवड्यापूर्वी झाली. दवाखान्यात गेले. उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, तो टिकेल म्हणतात, नियमित आले तर. डाव्याचं गेलं ते गेलं. उगाच आशा दाखवली नाही, ते मला आवडलं.

मावशी


बर्गन, १२ जून

प्रिय मावशी,

थांबा राहिला! आज गुनवोरबाईंचं पत्र आलं. त्यांनी लिहिलंय की ग्रोहोल्मचे लोक बोट बोलावतही नाहीत आणि नकोही म्हणत नाहीत, तेव्हा त्यांना विचारण्यात अर्थ नाही. म्हणून रोज न वळता आठवड्यातून चार सकाळी बोट येईल, कुणी असो वा नसो. अ‍ॅप तुमच्या थांब्यावरून काढून टाकायचं. म्हणजे मी नऊ महिने राबून जे केलं त्यातलं सगळ्यात उपयोगी ठरलं ते हे, की ते आता तिथे नसेल. टॅबलेट ठेव, त्यावर हवामान दिसतं.

मला मात्र बढती मिळाली. पुढच्या महिन्यात ओस्लोत "माझी कामाची पद्धत" यावर बोलायचंय. मी सात चिठ्ठ्यांचा नवा, सुंदर क्रम लावला. त्यात सगळं कसं विचारपूर्वक घडलं हे दिसतं, केकसुद्धा "निरीक्षण" या नावाखाली बसवलाय. आरशासमोर सराव करताना माझंच मला पटायला लागलं, इतका मी निर्ढावलोय.

आणि मग तुझा डोळा आठवतो. मावशी, मला फार वाईट वाटतं. ते कुठल्याही चिठ्ठीत बसत नाही आणि मला बसवायचंही नाही. लोकांच्या बारा मिनिटांची मला काळजी होती, तुझ्या तारखेची नव्हती. ओस्लोत मी हे सांगणार आहे, टाळ्या पडोत न पडोत.

तुझ्याकडे येऊन प्रत्यक्ष बोलावं असं खूप मनात आहे. पण मी आलो की तू पलंग सोडून बाकावर झोपणार, तीन प्रकारचे केक करणार, आणि डोळ्यांना विश्रांती हवी म्हणतात. उगाच तुला त्रास. शरद ऋतूत बघतो.

सिग्वे


ग्रोहोल्म, १८ जून

सिग्वे,

थांब्याचं कळलं. योरुनने खोकी उघडली. टोर्गेरने धक्क्यावर झेंडा चढवला, मग एवढ्याशा गोष्टीला झेंडा जास्त होतो म्हणून उतरवला, आणि मी रागावल्यावर परत चढवला.

ओस्लोत माझ्या डोळ्याबद्दल बोल, माझी हरकत नाही. पण रडवेला चेहरा करून बोलू नकोस. मी घरी आहे, माझ्या खिडकीशी आहे, आणि समुद्र उजव्याने दिसतो. ते तुझ्या केकमुळे.

आता तुझ्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. तो मी तीनदा वाचला, भिंग लावून. तू माझी गैरसोय मोजलीस. पलंग, बाक, केक. आकडे बरोबर आहेत. आणि मग तू करडं बटण दाबलंस. मीही नाताळात तेच केलं होतं, तुझी कामं मोजून. आपल्या घराण्यात याने कुणाचं भलं झालेलं मला आठवत नाही.

तेव्हा ऐक. गेल्या महिन्यात दवाखान्यात मी एकटी गेले होते. डोळा औषधाने बधिर करतात, दुखत नाही, पण सुई येताना दिसते. नर्सने विचारलं, बरोबर कुणी आहे का, हात धरायला? मी म्हटलं, लागत नाही कुणी. मग मी खुर्चीचा दांडा धरला. तो थंड होता, आणि सुई निघेपर्यंत मी तो सोडला नाही. 

पुढचं इंजेक्शन सत्तावीस तारखेला आहे. आदल्या दिवशीच्या बोटीने इथे ये, आणि सकाळी मला घेऊन चल. तुझे कामाचे दोन दिवस बुडतील. बैठका मोडाव्या लागतील, रांदीबाई नाक मुरडतील, ओस्लोच्या भाषणाची तयारी अर्धी राहील. मी पलंग सोडीन आणि माझी कंबर धरेल. हे सगळं मी मोजलंय, काही विसरलेलं नाही.

तरी मी तुला बोलावते आहे. मला एकटीला भीती वाटते. ये.

मावशी